आजीची जखम नातवंडापर्यंत कशी पोचते?

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)



दिवसभराचं काम आटोपून तुम्ही रेडिओजवळ बसला असाल. कुणी भाजी निवडत असेल, कुणाच्या मांडीवर नातवंड झोपलं असेल. आजचा विषय लांबच्या देशातला आहे, ऑस्ट्रेलियातला. पण तो आई, मूल आणि आजी यांचा आहे, म्हणून तो समजायला आपल्याला अवघड जाणार नाही.

प्रश्न असा आहे. एखाद्या बाईवर लहानपणी मोठा आघात झाला. ती मोठी झाली, तिला मुलं झाली, मुलांना मुलं झाली. ज्यांनी आघात केला ती माणसं मरून गेली, तो कायदाही रद्द झाला. तरीही तिच्या नातवंडाला आज त्याचा त्रास का होतो? आणि ते नातवंड आज संकटात असेल, तर त्याला वाचवायचं कसं? ऑस्ट्रेलियातल्या मूलनिवासी बायका गेली चाळीस-पन्नास वर्षं या प्रश्नाशी झगडताहेत. त्यांनी काय सोसलं आणि काय शोधून काढलं, ते आज पाहू.

हे लोक कोण?

ऑस्ट्रेलियात मूलनिवासी लोक किमान ६०,००० वर्षांपासून राहतात. त्यांच्या अडीचशेहून जास्त भाषा होत्या. प्रत्येक समाजाचा आपापला मुलूख, आपापली गाणी, आपापले नातेसंबंधांचे नियम. २६ जानेवारी १७८८ या दिवशी इंग्रजांनी आजच्या सिडनी शहराच्या जागी पहिली वसाहत केली. आपल्याकडे २६ जानेवारीला झेंडावंदन असतं. तिथेही त्या तारखेला सरकारी सुट्टी असते, पण बरेचसे मूलनिवासी लोक तो दिवस शोकाचा मानतात. कारण त्यानंतर त्यांची जमीन गेली, देवीसारख्या रोगांनी आणि बंदुकीच्या गोळ्यांनी माणसं मेली, आणि जी उरली ती सरकारी छावण्यांत आणि मिशनांत कोंडली गेली.

त्यांच्या नात्यांविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे ती लागणार आहे. मध्य ऑस्ट्रेलियातल्या वाळवंटात आईची बहीण ही मुलाची आईच मानली जाते. आपण नाही का म्हणत, माय मरो पण मावशी उरो! तसंच. मूल आज आईकडे झोपेल, उद्या मावशीकडे, परवा आजीकडे. एका लेकराला पाहणारे दहा डोळे असतात.

कायद्याने उचलून नेलेली मुलं

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून तिथल्या एकेका राज्याने मूलनिवासी लोकांसाठी कायदे केले. नाव दिलं ‘संरक्षणाचे कायदे’. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या १९०५ च्या कायद्याने ‘मुख्य संरक्षक’ नावाचा अधिकारी प्रत्येक मूलनिवासी मुलाचा १६ वर्षांपर्यंतचा कायदेशीर पालक झाला. आई-वडील जिवंत असले, मूल धडधाकट असलं, तरी पालक तो अधिकारी. न्यू साउथ वेल्स राज्यात १९१५ पासून मूल नेण्यासाठी कोर्टात जाण्याचीही गरज उरली नाही. सरकारी मंडळाने ठरवलं की पुरे.

विशेष डोळा होता तो गोऱ्या बापाच्या आणि मूलनिवासी आईच्या मुलांवर. सरकारचा हिशोब असा होता की, ही मुलं लहानपणीच आईपासून तोडली, गोऱ्यांच्या रीतीने वाढवली, तर दोन-तीन पिढ्यांत ती गोऱ्यांत मिसळून जातील आणि त्यांची वेगळी ओळख पुसली जाईल. मुलींना कूटामंड्रासारख्या संस्थांत ठेवून घरकाम शिकवत आणि मग गोऱ्यांच्या घरी मोलकरीण म्हणून पाठवत. त्यांची मजुरी बऱ्याचदा सरकारच्या हाती जाई, मुलीच्या हाती नाही. किंचेला नावाच्या गावी मुलग्यांची संस्था १९२४ ते १९७० अशी चालली. तिथे मुलांना नावाने नाही, नंबराने हाक मारत. आपली भाषा बोलली तर शिक्षा. कितीतरी मुलांना तिथे मारहाण झाली, काहींवर लैंगिक अत्याचार झाले.

अशी किती मुलं गेली? १९९५ मध्ये सरकारी मानवाधिकार आयोगाने चौकशी सुरू केली. ५३५ मूलनिवासी स्त्री-पुरुषांनी आपली हकिगत सांगितली. अहवाल १९९७ मध्ये आला. त्यात म्हटलं आहे की, १९१० ते १९७० या काळात प्रत्येक तीन ते दहा मूलनिवासी मुलांमागे एक मूल घरातून नेलं गेलं. असं एकही कुटुंब सापडायचं नाही ज्याला याची झळ लागली नाही. या माणसांना तिथे ‘चोरलेल्या पिढ्या’ म्हणतात. १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केविन रड यांनी संसदेत उभं राहून देशाच्या वतीने त्यांची माफी मागितली.

मॉलीची वाट

आकड्यांनी सगळं कळत नाही. म्हणून मॉलीची गोष्ट सांगते. तिच्यावर पुस्तक आणि सिनेमा दोन्ही निघाले आहेत.

मॉली जिगलाँग नावाच्या वाळवंटी वस्तीतली. तिचा बाप गोरा, सशांना अडवायला घातलेल्या लांबच लांब कुंपणावर काम करणारा. १९३१ मध्ये सरकारी माणसांनी मॉलीला आणि तिच्या दोन लहान मावसबहिणींना, डेझी आणि ग्रेसीला, उचलून पर्थ शहराच्या उत्तरेच्या मूर रिव्हर छावणीत नेलं. मॉली तेव्हा १४ वर्षांची. पोचल्यावर लगेचच ती दोघींना घेऊन पळाली. रस्ता ठाऊक नव्हता, पण एक गोष्ट ठाऊक होती: सशांचं कुंपण आपल्या वस्तीवरून जातं. ते कुंपण धरून या पोरी चालत निघाल्या. पाठीवर पोलीस, पोटात भूक. सुमारे १,६०० किलोमीटर. म्हणजे मुंबईहून चालत दिल्ली गाठायची आणि तरी आणखी दोनशे किलोमीटर चालायचं. ग्रेसी वाटेत पकडली गेली. मॉली आणि डेझी घरी पोचल्या.

इथवर गोष्ट धाडसाची वाटते. पण पुढे ऐका. मॉलीचं लग्न झालं, तिला दोन मुली झाल्या, डोरिस आणि ॲनाबेल. १९४० च्या सुमाराला तिला दवाखान्यात पर्थला नेलं आणि तिथून मुलींसकट पुन्हा त्याच मूर रिव्हरला. मॉली पुन्हा पळाली. या वेळी तान्ह्या ॲनाबेलला उचलून. चार वर्षांची डोरिस मागे राहिली, कारण दोन लेकरं उचलून एवढं चालणं कुणालाच शक्य नव्हतं. काही वर्षांनी ॲनाबेललाही सरकारने नेलं. मॉलीला ती पुन्हा कधीच दिसली नाही. मॉली २००४ मध्ये वारली.

डोरिस छावणीत आणि मग मिशनात वाढली. आपल्याच लोकांविषयी लाज आणि भीती बाळगायला तिला शिकवलं गेलं. आईने आपल्याला टाकलं, असंच तिला वर्षानुवर्षं वाटत राहिलं. आईची भेट झाली तेव्हा ती विशीतली बाई होती आणि तिला स्वतःची मुलं होती. पुढे तिनेच आईच्या त्या चालण्याचं पुस्तक लिहिलं. ते १९९६ मध्ये आलं.

एका घरातल्या दोन पिढ्या बघा. आईला आईपासून तोडलं, मग तिच्या मुलींना तिच्यापासून तोडलं. आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ.

जखम खाली कशी उतरते?

आपण मुलं वाढवायला कुठे शिकलो? कुठल्या शाळेत नाही. आईने न्हाऊ घातलं, आजीने दृष्ट काढली, ताप आला तेव्हा मावशी रात्रभर उशाशी बसली, ते आपल्या अंगात मुरलं. आपलं मूल रडलं की हात आपोआप तेच करतात. आता ज्या मुलीला संस्थेत नंबराने हाक मारली, जिला रात्री भीती वाटली तर कुणी जवळ घेतलं नाही, ती आई होते तेव्हा तिच्या हाताने काय करावं? माया तिच्याकडे असते. पण ती दाखवायची कशी, हे तिने कधी पाहिलेलंच नसतं. १९९७ च्या अहवालात कितीतरी बायांनी हेच सांगितलं: मला मुलांना जवळ घेता येत नव्हतं.

दुसरी गोष्ट शरीराची. लहान मूल सतत भीतीत राहिलं की त्याचं शरीर कायम सावध राहतं. छाती धडधडते, झोप मोडते, कुणी नुसता आवाज चढवला तरी आता मार बसणार असं वाटतं. मूल मोठं झालं तरी हे जात नाही. मग कुणी ते दुखणं दारूत बुडवतं, कुणी रागात काढतं, कुणी अगदी गप्प होतं. त्या घरात जन्मलेल्या नव्या मुलाला आजीच्या छावणीची काहीच माहिती नसते. पण त्याला बापाची दारू कळते, आईचं गप्प राहणं कळतं, घरातली भांडणं कळतात. ते मूलही सावध होतं. अशी जखम एका पिढीतून दुसरीत उतरते. ती रक्तातून येत नाही, अंगवळणी पडलेल्या भीतीतून येते. २०१९ मध्ये तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेने पाहणी छापली. ‘चोरलेल्या पिढ्यां’मधलं माणूस ज्या घरात आहे, त्या घरातल्या मुलांची तब्येत, शाळेतली हजेरी आणि मनाची स्थिती इतर मूलनिवासी मुलांपेक्षाही वाईट आढळली.

आर्ची रोच हे तिथले मोठे गायक. अगदी लहान असताना त्यांना घरातून नेलं. घरचे सगळे आगीत मेले, असं त्यांना वाढवणाऱ्या कुटुंबाला सांगण्यात आलं होतं. शाळेत असताना, वयाच्या चौदा-पंधराव्या वर्षी, त्यांना सख्ख्या बहिणीचं पत्र आलं: आपली आई नुकतीच वारली. म्हणजे इतकी वर्षं आई जिवंत होती! ते घर सोडून निघाले, रस्त्यावर राहिले, दारूत बुडाले. तिथेच त्यांना रूबी हंटर भेटली. तिलाही लहानपणी असंच नेलं होतं. दोघांनी संसार केला, दारू सोडली, गाणी केली आणि बेघर पोरांना आपल्या घरात जागा दिली. १९९० मध्ये आर्चींनी मुलं नेल्याचं गाणं जगासमोर आणलं, तेव्हा अनेकांना पहिल्यांदाच आपलं दुःख उघड बोलावंसं वाटलं. ही गोष्ट सांगितली ती एवढ्यासाठी की जखम उतरते हे खरं, पण ती थांबवताही येते.

आजचं संकट

आता जड भाग. जुने कायदे गेले. पण मूलनिवासी मुलं आजही मोठ्या संख्येने घरातून काढली जातात, आता बालसंरक्षणाच्या नव्या कायद्याखाली. २०२३ ची आकडेवारी पाहा. दर १,००० मूलनिवासी मुलांमागे सुमारे ५७ मुलं आई-वडिलांपासून दूर, सरकारी देखरेखीखाली राहत होती. इतर मुलांत हेच प्रमाण हजारी सुमारे ५ होतं. देशातल्या शंभर मुलांत मूलनिवासी मुलं जेमतेम सहा. पण सरकारी देखरेखीखाली असलेल्या शंभर मुलांत ती चाळीसहून जास्त. हाच आकडा उलट बाजूनेही वाचा: हजारातली ९४० हून अधिक मूलनिवासी मुलं आपल्या घरीच वाढताहेत. ही मुलं वाढवणाऱ्या आया बातम्यांत येत नाहीत.

मुलं काढली जातात त्याला खरी कारणंही असतात, ते लपवून चालणार नाही. काही घरांत मारहाण आहे, दारू आहे, मुलांची आबाळ आहे, काही मुलांवर अत्याचार झाले आहेत. अशा मुलाला तिथेच ठेवणं हा दुसरा अन्याय होईल. मूलनिवासी बायका स्वतः हे सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत मोठ्याने बोलल्या आहेत.

पण पुष्कळदा ज्याला ‘हेळसांड’ म्हणतात ती गरिबी असते. एका घरात पंधरा माणसं, गळका नळ, रिकामा फ्रिज. कधी अधिकाऱ्याला नातीच कळत नाहीत. मूल मावशीकडे झोपलेलं दिसलं की त्याला वाटतं, आईने वाऱ्यावर सोडलं. आणि नवरा मारतो म्हणून बाई पोलिसांत गेली, तर ‘हे घर मुलासाठी धोक्याचं’ असा शेरा तिच्याच कागदावर पडतो. मग तिच्यापुढे इकडे आड, तिकडे विहीर. मार खाल्ला तर मूल घाबरतं, तक्रार केली तर मूल जातं. जिच्या आजीला ‘संरक्षक’ नावाच्या अधिकाऱ्याने उचलून नेलं होतं, ती बाई ‘बालसंरक्षण’ लिहिलेल्या गाडीतून उतरलेल्या माणसावर विश्वास कसा ठेवणार? ती दार लावून घेते, दवाखान्यातही जायचं टाळते. आणि बंद दाराआड मुलाला असलेला धोका आणखी वाढतो.

२००७ मध्ये याचं मोठं उदाहरण घडलं. नॉर्दर्न टेरिटरी या प्रदेशात मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची चौकशी झाली. पॅट अँडरसन या मूलनिवासी बाई आणि रेक्स वाइल्ड हे वकील, दोघांनी अहवाल दिला. त्यात ९७ शिफारशी होत्या. सुरुवातीलाच त्यांनी बजावलं होतं की, जे करायचं ते या समाजांशी मनापासून सल्लामसलत करून करा. सरकारने केलं काय? काही दिवसांतच लष्कराच्या मदतीने वस्त्यांमध्ये मोहीम सुरू केली, लोकांना मिळणाऱ्या सरकारी पैशाचा काही भाग त्यांच्या हातात देणं बंद केलं, आणि त्यासाठी वंशभेदाविरुद्धचा कायदाच तात्पुरता बाजूला ठेवला. लष्कराच्या गाड्या पाहून काही वस्त्यांतल्या आया मुलांना घेऊन रानात पळाल्या, असं तेव्हा सांगितलं गेलं. संकट खरं होतं. पण बाईला न विचारता तिच्या घरात शिरलेली मदत तिला जुन्या हल्ल्यासारखीच वाटली.

बायकांनी शोधलेल्या वाटा

मग काय करायचं? मुलाला धोक्यात ठेवायचं नाही, आणि त्याची नाळही तोडायची नाही. दोन्ही एकदम सांभाळायचं. त्यासाठी तिथल्या समाजांनी काही वाटा पाडल्या आहेत.

पहिली वाट कायद्याची. १९७० च्या दशकापासून मूलनिवासी संघटनांनी लढून एक तत्त्व मान्य करून घेतलं. मूल घरातून काढण्याची वेळच येऊ नये म्हणून आधी कुटुंबाला मदत करा. काढावंच लागलं तर पहिल्यांदा नातेवाइकांकडे ठेवा: आजी, मावशी, आत्या. ते जमलं नाही तर त्याच समाजातल्या दुसऱ्या कुटुंबात. परक्या घरी ठेवणं अगदी शेवटचा उपाय. निर्णयात मुलाला, कुटुंबाला आणि समाजाच्या संघटनेला बोलवा. आणि मूल कुठेही असो, त्याचं गाव, भाषा आणि भावंडं यांच्याशी असलेला संबंध तुटू देऊ नका. आज हे तत्त्व साऱ्या देशात मान्य आहे. अंमल मात्र अजून अर्धवट आहे. म्हणून २०१४ मध्ये न्यू साउथ वेल्समधल्या गनेडा गावातल्या आज्या उठल्या. आमची नातवंडं नेण्याआधी आम्हाला विचारा, आम्ही सांभाळायला तयार आहोत, म्हणत त्यांनी सरकारी कचेऱ्यांपुढे ठाण मांडलं. पुढच्याच वर्षी राज्य सरकारने त्यांच्यासोबत बसून कामाचे नियम ठरवले. २०२० च्या राष्ट्रीय करारातही सरकारांनी लिहून दिलं की, मूलनिवासी मुलांचं हे वाढीव प्रमाण २०३१ पर्यंत ४५ टक्क्यांनी खाली आणू.

दुसरी वाट वाळवंटातल्या बायकांची. ती आपल्या गटांना जवळची वाटेल. १९८० मध्ये जमिनीच्या हक्कांच्या बोलणीत आपल्याला कुणी विचारत नाही, हे पाहून मध्य ऑस्ट्रेलियातल्या बायकांनी स्वतःची परिषद काढली. तीन राज्यांच्या सीमांवर पसरलेल्या सुमारे ३,५०,००० चौरस किलोमीटर मुलखातल्या या बायका. मुलूख आपल्या अख्ख्या महाराष्ट्राहून मोठा! १९९४ मध्ये त्यांनी मारहाण होणाऱ्या बायांसाठी मदतीचं काम सुरू केलं. १९९५ मध्ये गवताच्या टोपल्या विणून विकण्याचा उद्योग उभा केला, म्हणजे बाईच्या हातात तिचा स्वतःचा पैसा आला.

मग त्यांच्या लक्षात आलं की, मनाच्या जखमेविषयी बोलायला डॉक्टरांकडे इंग्रजी शब्द आहेत, आपल्याकडे आपले आहेत, पण दोघांना एकमेकांचं कळत नाही. म्हणून समाजातल्या जाणत्या बायका, पारंपरिक वैदू आणि मानसशास्त्र शिकलेली माणसं वारंवार एकत्र बसली. भीती, दुःख, राग, लाज, मन शांत होणं, या सगळ्यांसाठी त्यांनी आपल्या भाषांतले शब्द गोळा केले, काही विसरत चाललेले शब्द परत वापरात आणले. त्या शब्दांची चित्रं असलेले तक्ते शाळा-दवाखान्यांत लावले. दोन मुलांच्या दोन वाटांचं एक चित्रमय पुस्तकही केलं. एक मूल मायेत वाढतं, दुसरं भांडणांत आणि भुकेत. तरुण आई-बापांना उपदेश न करता ते पुस्तक पुढे ठेवायचं आणि त्यांनाच बोलू द्यायचं. ज्याला नाव देता येतं त्याविषयी बोलता येतं, आणि बोलता आलं की हात उगारण्याआधी थांबता येतं, असा त्यांचा अनुभव आहे.

तिसरी वाट युएंडुमू या गावची. १९९० च्या दशकात तिथली पोरं पेट्रोलचा वास घेण्याच्या नशेत बुडाली होती. १९९४ पासून पेगी नांपिजिन्पा ब्राउन आणि इतर वडीलधाऱ्यांनी या पोरांना गावापासून सुमारे १६० किलोमीटर दूर, माउंट थिओ या आपल्या पूर्वजांच्या जागी नेऊन ठेवलं. तिथे पेट्रोल नाही. शिकार, जुन्या गोष्टी, वडिलांचा सहवास आणि वेळ. तिथेही मुलांना घरापासून दूरच नेलं होतं. पण नेणारे त्यांचेच आजी-आजोबा होते, आणि बरं झालं की परत आणणारे होते. काही वर्षांत गावातली ती नशा जवळपास संपली.

आपला संबंध काय?

आहे मैत्रिणींनो. इंग्रज सरकार तेच होतं. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने त्याने इथल्या कितीतरी जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. पारधी, कैकाडी, भामटा अशा जमातींच्या लोकांना सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणाआड ‘सेटलमेंट’मध्ये ठेवलं, रोज हजेरी घेतली. १८९७ च्या दुरुस्तीने तर चार ते अठरा वर्षांच्या मुलांना आई-वडिलांपासून वेगळं ठेवण्याची सोय केली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा शिक्का पुसला गेला, म्हणून त्या दिवशी विमुक्त दिन पाळतात. पण पोलीस दिसला की पालावरची आई आजही लेकराला पोटाशी धरते. ती अशी का वागते, हे आता आपल्याला जास्त कळेल. आपल्या गटात अशी बाई आली, तर तिच्या गप्प राहण्याचा अर्थ लगेच ‘हिला काही वाटत नाही’ असा लावू नका.

आणि कुठल्याही समाजातलं मूल संकटात दिसलं तर गप्पही राहू नका. १०९८ या नंबरावर मुलांसाठी फुकट फोन करता येतो. गावात ग्राम बाल संरक्षण समिती असायला हवी. ती आहे का, तिची बैठक होते का, हे गटाने ग्रामसभेत विचारावं. आपल्या देशाचा २०१५ चा बालन्याय कायदाही सांगतो की, मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय आहे. मूल घरातून हलवायची वेळ आलीच, तर आजी, मावशी, काकू यांपैकी कोण सांभाळेल, हा प्रश्न बालकल्याण समितीपुढे आपण विचारू शकतो.

गटात बोलण्यासाठी तीन प्रश्न देते. आपल्या आईला किंवा आजीला लहानपणी काय सोसावं लागलं, हे आपल्याला ठाऊक आहे का? त्यातलं काही आपल्या वागण्यात, आपल्या रागात किंवा भीतीत उतरलं आहे का? आणि आपल्या वाडीवरचं एखादं लेकरू घरात घाबरून असेल, तर ते कुणाच्या दारात जाऊ शकेल? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘कुणाच्याच नाही’ असं आलं, तर त्याच बैठकीत ठरवा, ते दार कुणाचं असेल.

मिरियम-रोज नावाच्या एक मूलनिवासी आजी आहेत, डेली नदीकाठच्या शिक्षिका आणि चित्रकार. त्यांच्या भाषेत एक शब्द आहे, ‘दादिरी’. घाई न करता, मधे न बोलता, शांतपणे, मन लावून ऐकणं. घाबरलेलं लेकरू तुमच्या दारात आलं, तर आधी त्याला पाणी द्या, खायला द्या, आणि मग असं ऐका.

पुढच्या आठवड्यात याच वेळेला भेटू. नमस्कार.